हाताला कोमट लागेपर्यंत

“पहिलं तेल कधी भरायचं नाही, दीकरी. ते नळाचं असतं. सोडत राहा, धारेखाली हात धरून बस. हाताला कोमट लागलं की समज, आता आतलं आलं. मग सिरिंज लाव.”

प्राणजीवनकाकांचा हा आवाज एकोणतीस वर्षं माझ्या कानात आहे. लेकीला म्हणावं तसं ते मला दीकरी म्हणायचे. मी राजकोटकडे वढवाणला, वीज कंपनीच्या तेल-प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते. नमुना कसा घ्यायचा हे त्यांनी मला टेबलापाशी नाही, वीजकेंद्रातल्या खडीवर उकिडवं बसून शिकवलं. ट्रान्सफॉर्मर म्हणजे घराएवढी पोलादी टाकी. तिच्यात हजारो लिटर तेल आणि तेलात बुडालेली तांब्याची वेटोळी. आत काही बिघडू लागलं की आधी तेलाला कळतं. कुठे जास्त तापलं, कुठे ठिणगी उडाली, की तसा तसा वायू तेलात विरघळतो. ते तेल हवा लागू न देता काचेच्या सिरिंजमध्ये भरायचं, यंत्राला पाजायचं, वायू मोजायचे आणि झाकलेल्या टाकीच्या पोटात काय चाललंय ते बाहेर बसून सांगायचं, एवढंच आमचं काम.

काका गेले. प्रयोगशाळा माझ्याकडे आली. मग मी चाळीस-चाळीस ऑपरेटरांना एका खोलीत बसवून नमुना घ्यायला शिकवू लागले. छापील पुस्तकात लिहिलं होतं, ‘दोन लिटर तेल सोडून द्यावे, नंतर नमुना घ्यावा.’ मी तेच फळ्यावर लिहिलं. दोन लिटर. आकडा सोपा असतो, सगळ्यांच्या वहीत सारखा उतरतो. धारेखाली हात धरा, कोमट लागेपर्यंत थांबा, हे चाळीस पुरुषांपुढे सांगताना मला ते घरगुती वाटलं, आणि मी ते सोडून दिलं. पुढचं सगळं या एका सोडून देण्यातून झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

त्या वर्षी आषाढात मी आमच्या जैन साध्वीजी महाराजांपुढे चार महिन्यांचं व्रत घेतलं. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही आणि रोज सकाळी सामायिक, म्हणजे मन आवरून अठ्ठेचाळीस मिनिटांची बैठक, हे माझं नेहमीचंच. त्यात एकाची भर घातली: चातुर्मास उठेपर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही. पावसात वाटेवर किती जीव असतात. माझ्या पायाखाली, गाडीच्या चाकाखाली ते कमी यावेत. प्रयोगशाळा वेशीच्या आतच आहे, नमुने माझ्याकडे चालत येतात. अडचण कुठलीच दिसली नाही.

आणि त्याच आषाढापासून कमळपरचा ट्रान्सफॉर्मर आजारी पडला.

कमळपर वढवाणपासून साठेक किलोमीटर, रणाच्या खाऱ्या वाळवंटाच्या कडेला. तिथे एकच मोठा ट्रान्सफॉर्मर. त्याच्यावर आसपासच्या तीस गावांना पिण्याचं पाणी चढवणारे पंप चालतात. दर महिन्याला तिथला ऑपरेटर जेसंगभाई लाकडी खोक्यात सिरिंज पाठवायचा, सोबत स्वच्छ अक्षरात भरलेला फॉर्म. सव्वीस वर्षं त्या एकाच ट्रान्सफॉर्मरजवळ नोकरी केलेला माणूस. त्याला तो ‘बापा’ म्हणायचा. बापा आज जरा गुरगुरतोय, बापाला ऊन लागलंय, असं.

आषाढात तेलात हायड्रोजन दहा लाख भागांत साठ निघाला. श्रावणात दोनशे चाळीस. भाद्रपदात सहाशे दहा. आश्विनात अकराशे ऐंशी. पाण्याचा अंशही दुपटीवर. बाकीचे वायू होते तिथेच. एकटा हायड्रोजन असा चढला की आमच्या तक्त्यात एकच उत्तर येतं: आतल्या कागदी वेष्टनात बारीक बारीक ठिणग्या झडताहेत, आज ना उद्या फुटेल. मी दर महिन्याला यंत्र पुन्हा तपासलं, नमुना दोनदा चालवला आणि खाली सही केली. चौथ्या अहवालात लिहिलं, ‘ट्रान्सफॉर्मर धोक्यात आहे.’

राजकोटहून वसावडासाहेबांनी निर्णय घेतला. ते आमच्या भागाचे मुख्य अभियंता. बोलणं तिखट, पण माणूस खोटा नाही. दिवाळी तोंडावर आली होती. सणात तो फुटला तर आग लागेल, माणसं मरतील. त्याआधीच सोमवारी तो बंद करायचा, क्रेनने उचलायचा आणि उघडून बघायला कारखान्यात पाठवायचा. परत यायला पाच महिने. तोवर कमळपरला लांबून एका बारीक लाईनने वीज द्यायची, दिवसाला तीन तास. तीन तासांत तीस गावांचं पाणी चढत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. टँकरची यादी करायला घेतली होती.

शुक्रवारी संध्याकाळी जेसंगभाईचा फोन आला. रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, “बेन, तुम्ही म्हणता म्हणजे असेलच. पण बापाचा आवाज बदललेला नाही. सहा महिन्यांनी मी घरी जाणार. मला वाटलं होतं, तो मला निरोप देईल. आता मीच त्याला देणार.”

मी त्याला म्हटलं, तेल खोटं बोलत नाही, भाई. हे वाक्य मी शिकवतानाही वापरायची. मला ते फार आवडायचं.

शनिवारी सूर्य मावळल्यावर मी प्रतिक्रमणाला बसले. दिवसभरात जे चुकलं ते आठवायचं, कबूल करायचं, क्षमा मागायची. त्यात अठरा पापांची नावं ओळीने घ्यावी लागतात. इतक्या वर्षांत ती जिभेवरून वाहतात, थांबत नाहीत. त्या दिवशी तेराव्यावर जीभ थांबली. तेरावं पाप अभ्याख्यान. कुणावर खोटा आळ घेणं.

मी तर कुणावर आळ घेतला नव्हता. पुढे जायला लागले तर जमेना. डोळ्यांपुढे माझी सही येत राहिली, आणि सहीच्या वर तो फॉर्म, जेसंगभाईच्या अक्षरातला. त्यात एक रकाना असतो, नमुना घेतानाच्या तेलाचं तापमान. त्याने काय लिहिलं होतं? मला आठवेना. आठवेना, कारण मी तो रकाना वाचलाच नव्हता. चारही महिने नाही. आणि मग काकांचा आवाज आला, खडीवर उकिडवं बसल्यासारखा.

बैठक पुरी होईपर्यंत उठता येत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं. दिवा नाही, फोन नाही. मी बसून राहिले. मन कागदाकडे धावत होतं आणि मी त्याला परत आणून आसनावर बसवत होते. इतकी लांब बैठक आयुष्यात झाली नाही.

उठले ती दोन गल्ल्या चालत प्रयोगशाळेत. पहारेकऱ्याने कुलूप काढून दिलं. चारही फॉर्म टेबलावर मांडले. ट्रान्सफॉर्मरच्या तापमापकावर अठ्ठावन्न अंश, साठ, सत्तावन्न, एकोणसाठ. आणि नमुन्याचं तेल एकतीस, तीस, एकोणतीस, एकतीस. त्या बिचाऱ्याने दोन्ही आकडे शेजारी शेजारी, अगदी खरे लिहिले होते. खालच्या व्हॉल्व्हचं तेल थोडं थंड असतं, पण पंचेचाळीसच्या खाली येत नाही. एकतीस अंश म्हणजे बाहेरच्या हवेइतकं. जे तेल मी चार महिने तपासलं ते ट्रान्सफॉर्मरच्या पोटातलं नव्हतंच.

तिथूनच फोन लावला.

“जेसंगभाई, सिरिंज भरताना तेल हाताला कसं लागतं?”

“तेल तेलासारखं लागतं, बेन.”

“कोमट की गार?”

“गार. मडक्यातल्या पाण्यासारखं.”

“दोन लिटर सोडता ना आधी?”

“तुम्ही शिकवलं तसं. मापून. एक थेंब कमी नाही.”

“मग आत साठ अंशांवर असलेलं तेल नळातून येईपर्यंत गार कसं होतं?”

तो हळूच म्हणाला, “बेन, नळ जरा लांब आहे.”

“किती लांब?”

“कुंपणापर्यंत.”

त्याने सांगितलं ते असं. आमच्या मुलखात म्हाताऱ्या माणसांची पक्की समजूत आहे की ट्रान्सफॉर्मरचं तेल गुडघ्याला चोळलं की दुखणं जातं. विजेची ताकद उतरते म्हणे त्यात. जात काही नाही. उलट ते कातडीला वाईटच. पण बापाचं तेल मागायला कमळपरच्या बायका कुंपणाशी उभ्या राहायच्या आणि जेसंगभाई वाटी-वाटी द्यायचा. गेल्या उन्हाळ्यात तो कोठीत गेलेला असताना रुडीमा नावाची ऐंशीच्या घरातली, मेंढपाळ भरवाडांतली बाई फाटक ढकलून आत आली, डोक्यावर एक लाख व्होल्टच्या तारा, आणि हातातला लोटा घेऊन खुशाल व्हॉल्व्हशी बसली. जेसंगभाईने तिला उचलून बाहेर आणलं. पुन्हा असं झालं तर एखादी जाईल. म्हणून ज्येष्ठात वार्षिक दुरुस्तीसाठी ट्रान्सफॉर्मर बंद होता तेव्हा त्याने व्हॉल्व्हला वीस फूट लोखंडी पाइप जोडला, क्वार्टरच्या पाण्याच्या लाईनमधला उरलेला, जस्ताचा मुलामा असलेला, आणि दुसऱ्या टोकाला कुंपणाबाहेर तोटी बसवली. दर मंगळवारी एकेक वाटी. बायका बाहेर, वीज आत. त्याला त्या तोटीचा अभिमान होता. नमुनाही तो तिथूनच घ्यायचा, सावली असायची म्हणून.

“जोडण्याआधी पाइप कुठे होता?”

“अंगणात पडला होता. दोन दिवस. पहिला पाऊस झाला ना तेव्हा.”

मी कागदावर वीस फूट पाइपचं पोट काढलं. साडेतीन लिटर. तो सोडायचा दोन. म्हणजे सिरिंजमध्ये जे यायचं ते दिवसेंदिवस पाइपात पडून राहिलेलं तेल. त्यात पावसाचं पाणी खोलगट जागी बसलेलं. पाणी आणि जस्त एकत्र राहिले की हायड्रोजन सुटतो. ही गोष्ट मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होती. मी रोग अचूक ओळखला होता, फक्त तो पाइपचा होता.

पण हे माझ्या डोक्यात होतं, कागदावर नाही. आणि सोमवारी सकाळी क्रेन पोहोचणार होती.

वसावडासाहेबांना फोन केला. सगळं सांगितलं, माझा न वाचलेला रकाना धरून. ते म्हणाले, “हसुमतीबेन, चार महिने तुम्ही मला तो मरतोय म्हणून सांगितलंत, आता म्हणता ठणठणीत आहे. मी कुठल्या बेनवर विश्वास ठेवू?” मग म्हणाले, की सकाळी गाडी पाठवतो, स्वतः जा आणि स्वतः नमुना घ्या. दुसऱ्या कुणाच्या हातचा मी आता मानणार नाही.

मी म्हटलं, साहेब, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मला वेस ओलांडायची नाही.

“तुमचं व्रत ट्रान्सफॉर्मरला ठाऊक आहे का?”

गाडी मी मागवेन तेव्हा पाठवा, एवढं म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी उजाडताच साध्वीजींच्या मुक्कामी, उपाश्रयात गेले. एकीकडे तीस गावांचं पाणी, एकीकडे दिलेला शब्द. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. व्हॉल्व्ह म्हणजे काय ते एकदा विचारलं. मग म्हणाल्या, “मर्यादा तू पायांना घातलीस. कानांना घातली नाहीस, जिभेला घातली नाहीस. आधी ती वापरून झाली का?” मी मान हलवली, नाही. “मग पायांची एवढी घाई का?”

परतताना माझ्या लक्षात आलं की मला जायचं होतं ते पाण्यासाठी नव्हे. मला स्वतःच्या हाताने माझी चूक पुसायची होती, आणि दुसऱ्या कुणी ती बघायला नको होती.

आठ वाजता जेसंगभाईला फोन लावला आणि शेवटपर्यंत ठेवला नाही. त्याने फोन खिशात घातला, मी कानाने बघत होते. आधी पाइपातल्या गार तेलाची एक सिरिंज, जशी दर महिन्याला घ्यायचा तशीच. तिच्यावर एकचा आकडा. मग व्हॉल्व्ह घट्ट बंद, मग पाना. पाइप जोडाच्या जागी गंजून बसला होता. त्याचा करकर आवाज, जेसंगभाईचं पुटपुटणं, शेवटी खडीवर पाइप आपटल्याचा खणखणाट. तो म्हणाला, बेन, पाइपातून गढूळ पाणी सांडतंय.

“आता व्हॉल्व्ह थोडा उघडा. बादली खाली धरा. हात धारेत.”

“किती लिटर?”

“लिटर मोजू नका.”

धारेचा आवाज येत राहिला. मी माझ्या देवघराजवळ उभी होते आणि माझा उजवा हात पुढे झाला होता, तळवा वर. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्याचा आवाज बदलला.

“बेन... गरम आलं. बाळाच्या अंगासारखं.”

“भरा,” मी म्हटलं.

दोन नंबर खालच्या व्हॉल्व्हची, तीन नंबर वरच्या व्हॉल्व्हची. तिसरी भरून होते तोच कुंपणाकडून दुसरा आवाज आला, कापरा पण चढा. रुडीमा आली होती. तोटी गेल्याची बातमी तिच्यापर्यंत पोहोचायला तासही लागला नव्हता. ती जेसंगभाईला म्हणत होती, मेल्या, माझे गुडघे काढून घेतलेस. त्याने बहुधा फोन तिच्याकडे दिला, कारण पुढचं माझ्या कानातच आलं.

“तूच का ती वढवाणची? तुझे पाय धड असतील. म्हणून तुला तोटी खुपली.”

मी तिला समजावलं की ते तेल दुखणं थांबवत नाही, कातडी जाळतं. तिचा विश्वास बसला नाही. म्हणाली, सगळे काढून घेणारेच फोन करतात, आणून देणारा कुणी दारात येत नाही. तेव्हा मी शब्द दिला. चातुर्मास उठला की दुसऱ्याच दिवशी मी स्वतः येईन, गुडघ्याचं चांगलं तेल घेऊन.

“लसूण घातलेलं?” तिने विचारलं. “लसणाशिवाय तेल म्हणजे पाणी.”

माझ्या घरात लसूण येत नाही, कधी आला नाही. मी म्हटलं, लसूण घातलेलं.

दुपारी बाराला जेसंगभाईची पाळी सुटली. खोकं मांडीवर घेऊन तो दुधाच्या टेम्पोत बसून निघाला आणि अडीच वाजता प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. इतकी वर्षं फोनवर बोललो, आमने-सामने मोजून तिसऱ्यांदा. उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशा, शर्टाच्या बाहीला तेल. खोकं माझ्या हातात देऊन त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. पाइप कधी, का, कसा जोडला, सगळं लिहून खाली सही. हा कागद त्याच्याकडे कुणी मागितला नव्हता. पाइप भंगारात टाकून मोकळा झाला असता. सहा महिन्यांवर निवृत्ती, आणि माणूस स्वतःविरुद्धचा कागद आणि स्वतःविरुद्धचा नमुना मांडीवर घेऊन साठ किलोमीटर आला होता.

मी त्याला माझा कागद दाखवला. तोही लिहून तयार होता. ‘चार अहवालांवर सही करताना तापमानाचा रकाना मी वाचला नाही. दोन लिटरचा नियम मीच शिकवला.’ त्याने सावकाश वाचला.

“बेन, तुम्ही हे साहेबांना देणार?”

“तुमच्याबरोबरच.”

“मग एकाच पाकिटात घाला,” तो म्हणाला. “एकट्याने जायला कागदालाही भीती वाटते.”

माझी मदतनीस लाभुबेन रविवार असून आली होती. तिने यंत्र तापत ठेवलं, जेसंगभाईला चहा दिला. तो त्याने प्यायला नाही. तीन सिरिंज मी एकामागून एक लावल्या. एकेका नमुन्याला अर्धा तास. यंत्राच्या पडद्यावर रेघ सरपटत जाते आणि वायू निघाला की टेकडीसारखी उठते. हायड्रोजनची टेकडी सगळ्यांत पहिली.

एक नंबरची टेकडी पडद्याच्या वर गेली. बाराशे दहा. जेसंगभाईने मान खाली घातली.

दोन नंबर लावली. रेघ सरपटत राहिली. हायड्रोजनची जागा आली तेव्हा लाभुबेनने माझा दंड धरला. रेघ किंचित उचलली, मुंगीच्या वारुळाएवढी, आणि खाली बसली.

एक्केचाळीस.

मी तीन नंबर लावली. अजून अर्धा तास. एकोणचाळीस. पाण्याचा अंश निरोगी ट्रान्सफॉर्मरला शोभेल इतका. सव्वीस वर्षांच्या बापाच्या पोटात तीळभर दुखत नव्हतं.

जेसंगभाई उठला, यंत्राजवळ आला, आणि पडद्यावरच्या त्या आकड्याला त्याने दोन्ही हात जोडले. मग आधीचा गार झालेला चहा एका घोटात पिऊन म्हणाला, अजून आहे का?

साडेपाचला वसावडासाहेबांना आकडे पाठवले, दोन्ही कबुल्यांसकट. पाच मिनिटांत फोन आला. एक नंबर बाराशे, दोन नंबर एक्केचाळीस, हे कसं मानू, एकाच टाकीचं तेल आहे ना? मी म्हटलं, साहेब, एक नंबर टाकीचं नाहीच. तिन्ही सिरिंज जपून ठेवल्यात, पाइप कमळपरला खडीवर पडलाय, उद्या तुमच्या माणसाकडून पुन्हा घ्या. मग म्हणाले, “क्रेन लिंबडीत आहे. ड्रायव्हर जेवायला बसलाय.”

“त्याला पोटभर जेवू द्या, साहेब,” मी म्हटलं, “आणि मग परत पाठवा.”

ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

सोमवारी सकाळी साहेब स्वतः कमळपरला गेले. धारेखाली स्वतःचा हात धरला. त्यांच्या देखत भरलेल्या नमुन्यात हायड्रोजन चाळीस निघाला. टँकरची यादी फाडली गेली. त्या दिवशी कमळपरात सणासारखी गोड लापशी शिजली, आणि बायकांनी कुंपणाबाहेरूनच बापाला नारळ वाढवला. आत यायला जेसंगभाईने दिलं नाही. दिवाळीत तीसही गावांत दिवे आणि पाणी दोन्ही होतं.

साहेबांनी सगळ्या वीजकेंद्रांना विचारणा केली: व्हॉल्व्हला काही जोडलं आहे का? खरं सांगणाऱ्याला शिक्षा नाही. आठवड्याभरात सात ठिकाणांहून उत्तरं आली. सात तोट्या, सगळ्या कुंपणापर्यंत, सगळ्या गुडघ्यांसाठी. एका ठिकाणी तर तोटीवर कुंकू लावलेलं. त्यातले दोन ट्रान्सफॉर्मर पुढच्या वर्षी उचलायच्या यादीत होते. त्यांचेही नमुने पुन्हा घेतले आणि दोन्ही निर्दोष सुटले.

मग छापील पुस्तक बदलायची बैठक झाली. राजकोटच्या अभियंत्यांना ‘कोमट’ हा शब्द पसंत पडेना. आकडा पाहिजे म्हणाले. मी फोनवरून सांगितलं, आकडाही घाला, तापमापकावरच्या आकड्यापेक्षा पंधरा अंशांहून जास्त थंड असेल तर नमुना घेऊ नये. पण आधीची ओळ राहू द्या. ती राहिली. आज आमच्या मुलखातल्या प्रत्येक फॉर्मवर पहिली ओळ ठळक छापलेली असते: ‘तेल हाताला कोमट लागेपर्यंत सोडावे.’ काकांचं नाव त्यावर नाही. आवाज त्यांचाच आहे.

जेसंगभाईला ताकीदपत्र मिळालं. पहिल्या परिच्छेदात परवानगीशिवाय पाइप जोडल्याबद्दल कडक शब्द, दुसऱ्यात स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः आणून दिल्याबद्दल आभार. त्याने ते पत्र चौकट करून कंट्रोल रूममध्ये लावलं आणि त्याला हार घातला. मला मिळालेलं पत्र मी पोथीत ठेवलं आहे. प्रतिक्रमणात तेरावं पाप आलं की आजही क्षणभर थांबते, आणि मग पुढे जाते.

कार्तिकी पौर्णिमा झाली. चातुर्मास उठला. तिळाचं तेल मी घरी कढवलं, ओवा, सुंठ आणि निर्गुंडीचा पाला घालून. मग पातेलं झाकून लाभुबेनच्या घरी नेलं. लसूण तिने सोलला, तिच्या चुलीवर घातला. मी ओट्यावर पाठ करून बसले होते. ती आतून म्हणाली, बेन, वास तरी घ्या, चांगला सुटलाय. मी म्हटलं, येतोय.

दुसऱ्या दिवशी सामायिक आटोपून बाटली फडक्यात गुंडाळली, पिशवीत सरळ उभी ठेवली. शेजारी एक रिकामी सिरिंज घेतली. जातेच आहे तर. सूर्य वर आला होता, रस्ता कोरडा होता. खाली बघत, एकेक पाऊल टाकत मी वेशीपर्यंत आले, चार महिन्यांनी पहिल्यांदा तिच्याखालून बाहेर पडले, आणि कमळपरच्या बसच्या थांब्याकडे चालू लागले.